टाचेतली कळ: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे टाचदुखीविषयी इतकी पत्रे आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हा एकच विषय घेतला आहे. यांतील बहुतेकांचे दुखणे वैद्यकीय भाषेत ‘प्लान्टर फॅसायटिस’ या नावाने ओळखले जाते. काहींचे मात्र तसे नाही आणि तो फरक वेळीच ओळखणे गरजेचे असल्यामुळे तीही पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: मी ४७ वर्षांची असून माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना उजव्या टाचेत अशी कळ येते की भिंत धरून उभे राहावे लागते. थोडे चालल्यावर ती ओसरते, पण मधल्या सुट्टीत खुर्चीत बसून पुन्हा उठले की तेच. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले. ते हाड शस्त्रक्रिया करून काढल्याशिवाय दुखणे जाणार नाही, असे सगळे नातेवाईक सांगतात. हे खरे आहे का? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर: नाही, आणि शस्त्रक्रियेचा विचार आपण तूर्त मनातून काढून टाकावा. सकाळचे पहिले पाऊल, थोड्या चालण्याने आराम आणि बसून उठल्यावर पुन्हा कळ, हे आपले वर्णन इतके नेमके आहे की केवळ त्यावरून निदानाच्या बरेच जवळ जाता येते.

टाचेच्या हाडाच्या खालच्या बाजूने, आतल्या कडेजवळून, एक जाड व चिवट पट्टा निघतो आणि तळव्यातून पुढे जाऊन बोटांच्या मुळांशी पोहोचतो. यालाच प्लान्टर फॅशिया म्हणतात. पावलाची कमान टिकवून धरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. चालताना टाच उचलली जाते आणि बोटे वर वाकतात, तेव्हा हा पट्टा ताणला जाऊन कमान उंचावते, पाऊल ताठ होते आणि त्यामुळेच शरीराचे वजन पुढे ढकलता येते. हिक्स यांनी १९५४ साली ही रचना उलगडून दाखवली. आपल्याला हे घरीही पाहता येईल: खुर्चीत बसून दुखरे पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर आडवे ठेवावे, एका हाताने अंगठा नडगीच्या दिशेने मागे खेचावा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला पुढच्या कडेवर दाबावे. तळव्यात एक दोरी ताठ झाल्यासारखी हाताला लागेल आणि तेथेच दाबल्यावर नेहमीची कळ उठली, तर दुखणे या पट्ट्याच्या मुळाशीच आहे असे समजण्यास हरकत नाही.

झोपेत पाऊल सैल पडून बोटांकडून खाली झुकलेले असते. पोटरी आणि हा पट्टा दोन्ही तासन्‌तास आखडलेल्या स्थितीत राहतात आणि पहाटे आपण उठतो तेव्हा एका क्षणात सर्व वजन त्यावर येते. बसून उठल्यावरची कळ हीच, थोड्या लहान प्रमाणात.

आता वाढलेल्या हाडाविषयी. एक्स-रेवर दिसणारा हा काटा टाच कधीच न दुखलेल्या अनेक माणसांतही सापडतो आणि टाचदुखी पूर्ण बरी झालेल्यांच्या एक्स-रेवरही तो जसाच्या तसा असतो. शिवाय पुष्कळदा तो या पट्ट्यात नसून त्याच्या वर असलेल्या, बोटे वाकवणाऱ्या लहान स्नायूच्या उगमाशी असतो. त्यामुळे काटा टोचतो म्हणून टाच दुखते, ही समजूत चित्र पाहून सहज पटणारी असली तरी बरोबर नाही. ती फिल्म रुग्णाच्या हातात ठेवून ‘हे पाहा, हाड वाढले’ एवढेच सांगण्याची आम्हा डॉक्टरांची सवय या भीतीला पुष्कळ कारणीभूत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग नेमके बिघडते काय? २००३ साली अमेरिकेत, शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींच्या ५० नमुन्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासण्यांचा आढावा घेतला गेला. त्यात दाहाच्या पेशी आढळल्या नाहीत, तर तंतूंची झीज आणि विस्कटलेली रचना दिसली. म्हणजे हे मुख्यतः सूज येण्याचे दुखणे नसून, रोजचा भार त्या ऊतीच्या दुरुस्तीच्या वेगापेक्षा जास्त झाल्याचे दुखणे आहे. दिवसातील बराच वेळ उभ्याने काम, वाढलेले वजन आणि आखडलेली पोटरी ही त्याची प्रमुख कारणे. फळ्यासमोर उभे राहून लागोपाठ तास घेणे हे यांतील पहिल्या कारणाचे चांगले उदाहरण आहे. पोटरी आखडली की घोटा पुढे पुरेसा वाकत नाही आणि ती कसर चालताना तळव्याला भरून काढावी लागते. आपल्याकडे यात आणखी एका गोष्टीची भर पडते. घरात आपण अनवाणी वावरतो आणि घरातील जमीन आता सारवलेली राहिलेली नसून टाइल्सची किंवा ग्रॅनाइटची आहे.

दहापैकी आठ-नऊ रुग्णांचे दुखणे शस्त्रक्रियेविना, बहुधा वर्षभराच्या आत, बरे होते. आपण तास घेताना शक्य तेथे बसावे, सपाट चप्पल सोडून टाचेला थोडी उंची आणि कमानीला आधार असलेले पादत्राण घ्यावे आणि पुढच्या उत्तरातील व्यायाम सुरू करावेत. सहा ते बारा महिने हे सर्व नीट करूनही दुखणे तसेच राहिले, तरच शॉकवेव्ह उपचारांचा (यंत्राने दुखऱ्या जागी ध्वनिलहरींचे आघात देण्याचा) आणि त्यानंतर, अगदी थोड्या रुग्णांत, शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्या शस्त्रक्रियेतही मुख्य काम पट्ट्याचा काही भाग मोकळा करण्याचे असते, काटा काढण्याचे नव्हे.

प्रश्न: माझा पोळी-भाजीचा व्यवसाय आहे. पहाटे पाचपासून ओट्याशी उभी असते. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, ते मी आठ दिवस मनापासून केले, पण काडीचाही फरक पडला नाही, म्हणून सोडून दिले. व्यायामाने खरेच काही होते का? आणि स्वयंपाकघरात चप्पल घालायला सासूबाईंची हरकत आहे, त्याचे काय करू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: आठ दिवस हा या दुखण्यात अगदीच अपुरा काळ आहे. झिजलेले तंतू नव्याने घडायला आठवडे नव्हे, महिने लागतात. सहा ते आठ आठवड्यांच्या आत निकाल मागू नये. त्या काळातही सुधारणा सरळ रेषेत होत नाही. चार दिवस बरे जातात, एखाद्या मोठ्या ऑर्डरच्या दिवशी पुन्हा ठणका लागतो आणि सगळे वाया गेले असे वाटते. ते वाया गेलेले नसते.

पहिला व्यायाम अंथरुणातच, पाय जमिनीवर टेकवण्यापूर्वी करावयाचा आहे. आधीच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बोटे मुळापासून धरावीत आणि तळव्यात ताण जाणवेपर्यंत नडगीकडे खेचून दहापर्यंत मोजावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली वेळ उठण्यापूर्वीची, दुसरी कामात मध्ये बसल्यावर उठण्याआधीची. आपली वेळ चुकते ती बहुधा येथेच. दिवसभराचे काम उरकल्यावर रात्री एकदाच सगळे व्यायाम करून टाकले, तर पहाटेच्या पहिल्या पावलाला त्यांचा उपयोग फारसा होत नाही.

दुसरा पोटरीचा. भिंतीला दोन्ही तळहात टेकवून दुखरा पाय मागे ठेवावा, त्याची टाच जमिनीला चिकटलेली, पाऊल सरळ भिंतीकडे वळलेले आणि गुडघा ताठ असावा. मग पुढचा गुडघा वाकवत कंबर भिंतीकडे न्यावी. अर्धा मिनिट थांबावे, तीन-चार वेळा करावे, नंतर हाच व्यायाम मागचा गुडघा किंचित वाकवून करावा, कारण पोटरीचा खोल स्नायू त्याशिवाय ताणला जात नाही. मागचे पाऊल बाहेर तिरके वळले की ताण निसटतो. हा दोष मी रुग्णांत सर्वाधिक पाहतो.

तिसरा व्यायाम ताकदीचा आहे आणि तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांनंतर सुरू करावा. सुती पंचाची घट्ट गुंडाळी करून ती जिन्याच्या पायरीच्या कडेवर ठेवावी, तिच्यावर बोटे वर वाकलेली राहतील असे उभे राहावे, टाचा पायरीबाहेर सोडाव्यात आणि कठड्याला धरून तीन सेकंदांत टाच वर उचलावी, दोन सेकंद थांबावे, तीन सेकंदांत सावकाश खाली यावे. एक दिवसाआड, एका खेपेला बारा, अशा तीन खेपा. सुरुवातीस दोन्ही पायांवर करावे, जमू लागल्यावर एका पायावर, आणि तेही सोपे वाटू लागले की पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवावे. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसते ताण देणाऱ्या गटापेक्षा हा व्यायाम करणाऱ्यांना तीन महिन्यांनी अधिक आराम होता. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गट सारखेच होते. हेही सांगितले पाहिजे, म्हणजे ज्यांना पायरीवरचा व्यायाम झेपत नाही त्यांनी निराश होण्याचे कारण उरत नाही.

सासूबाईंच्या हरकतीवर उपाय सोपा आहे. उंबऱ्याबाहेर कधीही न जाणारा एक नवा कोरा जोड फक्त घरासाठी घ्यावा, तो धुता येण्याजोगा असावा आणि बाहेरच्या चपलांच्या शेजारी ठेवू नये. एवढे केल्यावर बहुतेक घरांतील विरोध मावळतो. न मावळल्यास ओट्यासमोर जाड रबरी चटई टाकावी आणि कणीक मळणे, भाजी निवडणे ही कामे बसून करावीत. जोड निवडताना तो दोन्ही टोकांना धरून पिळून पाहावा. ओल्या टॉवेलसारखा पिळला जाणारा जोड टाचेला आधार देऊ शकत नाही. मापे घेऊन खास बनवलेले महागडे इनसोल सुरुवातीलाच घेऊ नयेत. व्यायामाच्या जोडीला दुकानात तयार मिळणारी सिलिकॉनची हील पॅड वापरणाऱ्यांना खास बनवलेल्या इनसोलवाल्यांपेक्षा कमी आराम मिळाला नाही, असे अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत दिसले. काटेरी अ‍ॅक्युप्रेशर चपला दुखऱ्या टाचेला घालू नयेत, हे विचारण्याआधीच सांगून ठेवतो.

प्रश्न: मी एसटीत वाहक आहे. टाचेत इंजेक्शन घेतल्यावर महिनाभर अगदी बरे वाटले, नंतर पुन्हा दुखू लागले. दुसरे घेतले, तेही तसेच. आता तिसरे घ्यावे का? (एक वाचक, जालना)

उत्तर: माझे मत विचाराल तर घेऊ नये. आपला अनुभव अभ्यासांशी तंतोतंत जुळतो. ऑस्ट्रेलियात ८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सोनोग्राफीच्या साहाय्याने दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने चौथ्या आठवड्याला दुखणे स्पष्टपणे कमी झाले होते, मात्र त्यानंतर तो फायदा टिकला नाही. इंजेक्शन वाईट असते असे नाही. ज्याला वेदनेमुळे व्यायामच करता येत नाही, त्याला चार आठवड्यांची मोकळीक मिळवून देण्यासाठी एखादे देणे योग्य ठरते, पण त्या चार आठवड्यांत आपण व्यायाम केले नाहीत आणि ड्यूटी तशीच चालू ठेवली, तर ती मोकळीक फुकट जाते. वारंवार इंजेक्शने घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. ती गादी एकदा विरळ झाली की पुन्हा भरत नाही. दुखऱ्या टाचेत एखाद्या दिवशी काहीतरी तटकन तुटल्यासारखे होऊन तळव्यावर काळेनिळे पडले, तर पाऊल न टेकवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

धावत्या गाडीत तोल सांभाळत तिकिटे देण्याचे काम पोटऱ्यांना सतत ताठ ठेवते. आपल्या डॉक्टरांकडून दाखला घेऊन काही आठवडे बसून करण्याचे काम मिळते का, ते पाहावे.

प्रश्न: टाच दुखते म्हणून रक्त तपासले, युरिक अ‍ॅसिड थोडे जास्त निघाले. तेव्हापासून तूरडाळ, राजमा, पालक सगळे बंद केले आहे आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. टाच मात्र तशीच. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: डाळ पुन्हा सुरू करावी. युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा गाऊट बहुधा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात, एकाएकी, लालबुंद सूज आणि असह्य ठणका घेऊन येतो. सकाळच्या पहिल्या पावलाला उठून दहा मिनिटांत ओसरणारी कळ ही त्याची रीत नव्हे. रक्तातील आकडा थोडा वर असणे म्हणजे आजार नव्हे, आणि डाळींवर तर तो दोष बहुतेक वेळा विनाकारण येतो. कॅल्शियमचा या पट्ट्याशी संबंध नाही. ड जीवनसत्त्व कमी असल्यास ते हाडांसाठी जरूर घ्यावे, टाचेसाठी म्हणून नव्हे.

प्रश्न: आई ६४ वर्षांची, मधुमेह १५ वर्षांपासून. तापवलेल्या विटेवर रुईची पाने ठेवून ती रोज टाच शेकते. शेकल्यावर बरे वाटते म्हणते. चालू ठेवू द्यावे का? (एक वाचक, अकोला)

उत्तर: कृपया आजच थांबवावे. ज्यांच्या पायाची संवेदना शाबूत आहे, त्यांनी कोमट शेक घेतल्याने स्नायू सैल होऊन तात्पुरते बरे वाटते आणि त्यात गैर काही नाही. परंतु इतक्या वर्षांच्या मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंची संवेदना कमी झालेली असू शकते आणि चटका बसलेला कळतच नाही. विटेचा ताप किती आहे हे पायाने नव्हे, हाताने पाहिले तरी पुरेसे नाही. अशा भाजलेल्या टाचेची जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ आलेली मी पाहिली आहे. बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवणे, टाचेला डाग देणे, भेगांवर ब्लेड चालवणे हेही त्यांच्यासाठी तितकेच वर्ज्य. रुईचा चीकही कातडीला झोंबतो.

त्यांची टाच दुखते म्हणजे तेथे संवेदना आहे, असेही समजू नये. जळजळ, मुंग्या, रात्री अंथरुणात वाढणारे दुखणे असेल तर ते मज्जातंतूंचे असू शकते आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. डॉक्टरांकडून मोनोफिलामेंटची, म्हणजे तळव्याला बारीक नायलॉनचा धागा टेकवून स्पर्श कळतो का ते पाहण्याची, तपासणी करून घ्यावी, दोन मिनिटांचे काम आहे. वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून देऊ नयेत. या वयात व मधुमेहात त्यांचा मूत्रपिंडांवर ताण पडतो.

प्रश्न: माझे वय २६. दोन्ही टाचा वर्षभर दुखत आहेत. कंबरही सकाळी तासभर आखडलेली असते, व्यायामशाळेत गेल्यावर मोकळी होते. टाचेचे सगळे व्यायाम केले. (एक वाचक, पुणे)

उत्तर: आपण टाचेचे व्यायाम थांबवून या आठवड्यात संधिवाततज्ज्ञांना भेटावे, असे मी आग्रहाने सांगतो. तरुण वयात दोन्ही टाचा दुखणे आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होणारी कंबरेची आखड, ही जोडी अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा दाहक संधिवात, या गटातील आजाराकडे बोट दाखवते. यात स्नायुबंध हाडाला जेथे चिकटतात तेथेच दाह होतो. पहाटे कंबरदुखीने जाग येणे, मध्येच डोळा लाल होऊन दुखणे, घरात कोणाला असा आजार किंवा सोरायसिस असणे, हे सारे तज्ज्ञांना न विसरता सांगावे. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी आणि कंबरेच्या सांध्यांचा एमआरआय ते सुचवतील. हा आजार लवकर ओळखला गेला तर आज त्यावर चांगली औषधे आहेत. उशीर झाला तर मणक्याची हालचाल कायमची कमी होऊ शकते.

इतर वाचकांनीही ध्यानात ठेवावे की टाच दोन्ही बाजूंनी हाताच्या पंजात दाबल्यावर जोराने दुखत असेल, आणि विशेषतः धावणे एकदम वाढवल्यानंतर हे सुरू झाले असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. ताप, सूज किंवा विनाकारण घटणारे वजन यांच्यासह टाच दुखत असेल तरीही थांबू नये.

प्रश्न: मी ५८ वर्षांचा वारकरी. दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी जातो. गेल्या वर्षी सासवडनंतर टाच टेकवेना, शेवटचे काही टप्पे दिंडीच्या ट्रकमधून जावे लागले. आता दुखणे थोडेच उरले आहे. यंदा जमेल का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर: तयारी चैत्रात सुरू केली तर जमण्यास हरकत नाही. आपली टाच गेल्या वर्षी पंढरपूरच्या अंतराने नव्हे, तर भाराच्या एकदम वाढण्याने दुखावली. घरी रोज दोन-तीन किलोमीटर चालणारा माणूस वारीत सलग सुमारे तीन आठवडे चालतो, एकूण अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा लांब टप्पा अगदी सुरुवातीलाच येतो. चढणीवर घोटा सर्वाधिक पुढे वाकतो, तेथे आखडलेली पोटरी तळव्याला ओढते.

आतापासून पोटरीचे व पायरीचे व्यायाम करावेत. आठवड्यातून चार दिवस चालावे आणि अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवावे. ज्येष्ठ लागेपर्यंत लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर चालून दुसऱ्या सकाळची कळ वाढत नाही, याची खात्री करून घ्यावी. ती वाढत असेल तर यंदा निम्मे टप्पेच चालण्याचे आधीच ठरवावे. बूट नवे घेऊन थेट वारीत वापरू नयेत. ते किमान महिनाभर पायात मुरलेले असावेत. नवरात्रात किंवा नवसासाठी अनवाणी चालणाऱ्यांनाही हेच लागू आहे. ज्यांची टाच आधीच दुखते त्यांनी त्या वर्षी वहाण सोडू नये.

वाटेत मुक्कामाला पोहोचल्यावर लगेच मांडी घालून बसण्याऐवजी आधी दोन मिनिटे पोटऱ्या ताणाव्यात, आणि पहाटे तंबूत उठताना पाऊल टेकवण्यापूर्वी बोटे दहा वेळा खेचावीत. टेपिंग, म्हणजे तळव्याला आधारासाठी चिकटपट्टी लावणे, करून घेतल्यास चालताना आराम पडतो. घरी असतानाच एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून ते शिकून घ्यावे आणि दिंडीतील एका सोबत्यालाही शिकवून ठेवावे, कारण स्वतःच्या तळव्याला स्वतः नीट टेप लावणे कठीण असते. पावसात भिजलेला टेप त्याच दिवशी काढून टाकावा, नाहीतर कातडी सोलते.

(या सदरातील उत्तरे पत्रांतील माहितीवर आधारलेली आहेत. प्रत्यक्ष तपासणीला ती पर्याय नाहीत.)